मॉरिशसच्या शाळा, संगणक आणि तिथली मराठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी मी मॉरिशसमधल्या सात-आठ मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. हे कळलं की लोक हमखास तेच तेच प्रश्न विचारतात. लग्नात, लोकलमध्ये, शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मराठीबद्दल जास्त लिहिलं गेलंय, त्याला इलाज नाही.

मॉरिशस केवढा, आणि तिथे मराठी कुठून आली?

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती. ही माणसं जिथे उतरली तो राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते, आणि सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो. घरात मात्र बहुतेक जण क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली लोकभाषा बोलतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढ्याशा बेटावर इंटरनेट येतं कसं?

समुद्राच्या तळातून. 'सेफ' नावाची केबल २००२ पासून चालू आहे. ती दक्षिण आफ्रिकेहून निघते, रेयुनियन आणि मॉरिशसला टेकते, मग आपल्या कोचीला येते आणि पुढे मलेशियाला जाते. त्यानंतर मादागास्करकडून येणारी 'लायन' ही केबल २००९ मध्ये आली, पुढे आणखीही आल्या. सुरुवातीला एकाच केबलवर भिस्त होती, त्यामुळे समुद्रात कुठे बिघाड झाला की अख्ख्या देशाचं काम खोळंबायचं. आता एक तुटली तर दुसरी असते.

बेटाच्या आतलं काम त्या मानाने सोपं होतं. गडचिरोलीच्या टोकाच्या शाळेपर्यंत फायबर न्यायचं तर किती डोंगर, किती नद्या, किती खात्यांच्या परवानग्या, याचा विचार करा. मॉरिशसमध्ये एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडीने दीड-दोन तासांत पोचता येतं. घरोघरी फायबर पोचवण्यात हा देश आफ्रिकेत आघाडीवर राहिला त्यात या आकाराचा मोठा वाटा आहे. लहान असण्याचा असा फायदा तारेला होतो. पाठ्यसाहित्याच्या बाबतीत नेमका उलट प्रकार आहे, तो मराठीच्या प्रश्नात येईल.

सरकारने शाळांत संगणक कधी आणले?

सुरुवात शाळांच्या बाहेर झाली. १९८८ मध्ये नॅशनल कॉम्प्युटर बोर्ड स्थापन झालं. पुढे या बोर्डाने 'सायबर कॅरॅव्हॅन' सुरू केली: बसमध्ये संगणक बसवायचे, बस गावोगाव न्यायची आणि येईल त्याला शिकवायचं. मला ही कल्पना सगळ्यात आवडते. आपल्याकडची फिरती वाचनालयं आठवतात. २००६ मध्ये शाळकरी मुलांपासून नोकरदारांपर्यंत सगळ्यांसाठी संगणकाचा प्राथमिक, प्रमाणपत्र देणारा अभ्यासक्रम आला. २०११ च्या सुमारास फ्रान्सच्या मदतीने 'सांकोरे' प्रकल्पात प्राथमिकच्या वरच्या वर्गांमध्ये इंटरॅक्टिव्ह फळे लागले. मग टॅब्लेट आले.

टॅब्लेट भारताने दिले म्हणतात, खरं का?

हो. २०१६ मध्ये भारताने मॉरिशसला ३५.३ कोटी डॉलरचं विशेष साहाय्य दिलं. त्यातून पाच कामं ठरली: मेट्रो, कान-नाक-घशाचं रुग्णालय, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, घरकुलं आणि प्राथमिक शाळांसाठी टॅब्लेट. वर्तमानपत्रांतले फोटो सगळे मेट्रोचे, पण सहा वर्षांच्या पोराच्या हातात पडला तो टॅब्लेट. पहिली-दुसरीपासून सुरुवात झाली. टॅब्लेटमधले धडे मात्र भारतातून आले नाहीत, ते मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने तिथेच तयार केले. हे फार बरं झालं. तयार धडे भरून पाठवायचा मोह देणाऱ्याला नेहमीच होतो.

मग टॅब्लेटने मुलं हुशार झाली का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. कुठलंच देता येत नाही.

फळ्याचंच बघा. इंटरॅक्टिव्ह फळ्यावर बोटाने किंवा पेनने लिहिता येतं, चित्र ओढून इकडचं तिकडे नेता येतं, पाठ साठवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतो. ज्या शिक्षकाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं आणि पुढे कुणी फिरकलंच नाही, तो त्याच फळ्यावर पीडीएफ लावून मोठ्याने वाचून दाखवतो. पडद्याला लाख रुपये पडले, वापर बाराणेचा. हे मॉरिशसपुरतं नाही, माझ्या स्वतःच्या जुन्या शाळेत पाहिलंय. पेन हरवलं, प्रोजेक्टरचा दिवा गेला, आणि फळ्यावर सूचनांचे कागद चिकटवायला लागले.

बेटावर यात आणखी एक भर पडते, ती दुरुस्तीची. दिवा परदेशातून येणार. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या लवकर गंजतात. कोकणात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको, मालवणात फ्रीजच्या मागची बाजू दोन पावसाळ्यांत कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे खरेदीच्या आकड्यापेक्षा मी आधी विचारते, की दुरुस्तीसाठी वेगळे पैसे ठेवलेत का आणि शाळेत ते काम कुणाच्या नावावर आहे.

तिथल्या मुलांना शिकवतात कुठल्या भाषेत?

कागदोपत्री इंग्रजीत. पाठ्यपुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, वरच्या वर्गांत तर केंब्रिजच्या परीक्षा. वर्तमानपत्रं आणि टीव्ही बरेचसे फ्रेंच. आणि २०११ च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी घरची भाषा क्रेओल सांगितली. म्हणजे गणित इंग्रजीत छापलेलं असतं, बाई समजावतात क्रेओल किंवा फ्रेंचमध्ये आणि मूल उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहितं.

क्रेओलचं प्रमाण लेखन २०११ मध्ये ठरलं आणि २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली. तोपर्यंत घरची भाषा शाळेच्या वेळापत्रकात नव्हतीच.

संगणकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की टॅब्लेटवर धडा फक्त इंग्रजीत असेल तर जे मूल पुस्तकात अडत होतं ते पडद्यावरही तिथेच अडतं. पुस्तकात नसलेली एक सोय मात्र पडद्याकडे आहे: इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की क्रेओलमध्ये ऐकू येणं. माझ्या मते टॅब्लेटचा खरा उपयोग तिथे आहे. रंगीत उड्या मारणारे आकडे वगैरे ठीक आहे.

आणि मराठी?

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. शाळांसाठी हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी या भाषांची पुस्तकं तीच संस्था करते. पायाभूत घडी अशी चांगली बसलेली आहे.

अडचण संख्येची आहे. भाषेच्या तासाला वर्ग फुटतो: हिंदीवाले इकडे, तमिळवाले तिकडे, क्रेओल घेतलेले आणखी कुठे. मराठी घेतलेली मुलं एखाद्या शाळेत एका बाकावर मावतील एवढीच असतात. गणिताचा चांगला डिजिटल धडा बनवला तर तो देशातली त्या इयत्तेची सगळी मुलं वापरतात. मराठीचा बनवला तर मूठभर. त्यासाठी लागणारी मेहनत मात्र तेवढीच: लिहिणारा, चित्र काढणारा, आवाज देणारा, तपासणारा, अ‍ॅपमध्ये बसवणारा. कुठला व्यापारी प्रकाशक यात हात घालेल? म्हणून लहान देशात, लहान भाषेचं साहित्य एक तर सरकारने करायचं किंवा हौसेने कुणीतरी.

'ळ'ची काय भानगड आहे? तुम्ही प्रत्येक वेळी सांगता.

सांगते, कारण मला त्यात दोन महिने गेले.

माझ्या वर्गातली एक मुलगी, दहा वर्षांची, प्रत्येक वेळी 'शाला' लिहायची. 'शाला', 'फला', 'बालू'. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे, तीही 'ओके टीचर' म्हणायची आणि पुढच्या शनिवारी परत 'शाला'. मला वाटलं, क्रेओलमध्ये ळ नाही, कानाला कळत नसेल. मग एकदा तिला स्क्रीन शेअर करायला सांगितलं. ती रोमन अक्षरांत 'एस-एच-ए-एल-ए' टाइप करत होती आणि कीबोर्ड तिला सुचवत होता 'शाला'. कीबोर्ड हिंदीचा होता. घरात आधीपासून हिंदी होती, देवनागरी म्हणजे देवनागरी, म्हणून कुणी बदलायचा विचारच केला नाही. पोरीला ळ तोंडाने व्यवस्थित येत होता. फोनला येत नव्हता. मराठी कीबोर्ड टाकून दिला आणि तिने पहिलं वाक्य लिहिलं: 'माळ्यावर काळी मांजर आहे.' वाक्यात तीन ळ आणायचे होते, दोनच जमले, असं म्हणून स्वतःच हसली.

तसंच दुसरं, अर्ध्या र चं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. कित्येक साध्या फॉन्टमध्ये तो चंद्रकोरीसारखा र नीट उमटत नाही. बेटावरच्या पोराला दोन्ही शब्द लागतात, कारण तिथे समुद्रही आहे आणि ब्लॅक रिव्हरच्या दऱ्याही.

आवाजाचं एवढं महत्त्व का?

कारण मराठी लिपी सगळं सांगत नाही. 'चहा'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा. 'जीभ'मधला ज वेगळा, 'जावई'मधला वेगळा. आपल्या मुलाला हे कुणी शिकवत नाही, ते आजूबाजूला ऐकून येतं. मॉरिशसच्या मुलाच्या आजूबाजूला मराठी बोलणारं कदाचित फक्त आजी असते, तीही भजनापुरती. फोनने मजकूर वाचून दाखवला आणि आवाज हिंदीचा लावलेला असला, तर 'चाक' चहातल्या च ने वाचलं जातं आणि मूल तेच पक्कं करतं.

म्हणून अ‍ॅप नाही, गेम नाही, निव्वळ माणसाच्या आवाजात वाचलेल्या गोष्टींच्या छोट्या ध्वनिफिती, हे मराठीसाठी तरी पहिल्या नंबरचं तंत्रज्ञान आहे असं माझं ठाम मत झालंय. त्या जुन्या फोनवर वाजतात, कमी डेटा खातात.

बालभारतीची पुस्तकं तर फुकट उतरवून घेता येतात. तीच का वापरत नाहीत?

वापरतात, पूरक म्हणून. पण एक गंमत सांगते. मी हौसेने 'उन्हाळ्याची सुट्टी' या विषयावरचा एक उतारा घेतला: मे महिना, आंबे, मामाचा गाव, घामाच्या धारा. मुलं गप्प. शेवटी एकाने विचारलं, "टीचर, मेमध्ये घाम का?" दक्षिण गोलार्ध! तिथे मेमध्ये थंडीकडे वाटचाल चालू असते. ऐन उन्हाळा आणि वादळं जानेवारी-फेब्रुवारीत, शाळेचं वर्षही जानेवारीतच सुरू होतं. जूनचा पहिला पाऊस आणि नवं दप्तर ही जोडी, जिच्यावर आपल्या निम्म्या बालकविता उभ्या आहेत, तिथे लागूच पडत नाही. ऊस मात्र लगेच कळला. उसाचा धडा त्यांनीच मला शिकवला.

आणखी एक व्यावहारिक अडचण. इकडून लोक प्रेमाने जुन्या फायली पाठवतात, त्या युनिकोड (कुठल्याही फोन-संगणकावर तीच अक्षरं दाखवणारी पद्धत) येण्याआधीच्या, छपाईसाठीच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की पानभर अगम्य चिन्हं. पाठवायचंच असेल तर युनिकोडमध्ये पाठवा, एवढी हात जोडून विनंती.

कोविडमध्ये काय झालं?

१९ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, १ जुलैला उघडल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा टाळेबंदी. मोठ्या मुलांचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. पण प्राथमिकच्या मुलांसाठी सरकार वळलं ते जुन्या टीव्हीकडे. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनवरून धडे दाखवले गेले. फायबर घरोघरी गेलेल्या देशात टीव्ही? हो, कारण फायबर घराला असतं, संगणक मुलाला असतोच असं नाही. तीन भावंडं, एक फोन, आणि तो फोन वडिलांसोबत कामावर गेलेला. टीव्ही निदान घरातच असतो. त्याला प्रश्न विचारता येत नाहीत, एवढंच.

वादळात ऑनलाइन शाळा चालते का?

लोकांना वाटतं चालत असेल, तेवढाच फायदा. चक्रीवादळाचा इशारा लागला की शाळा बंद होतात, पण त्याच दिवशी वीजही जाते. १५ जानेवारी २०२४ ला 'बेलाल' वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. अशा दिवशी कुणी झूम उघडत नाही. माझ्या वर्गात वारा सुटला की एकेक चौकोन काळा होतो आणि शेवटी कुणाच्या तरी आईचा निरोप येतो: "कुराँ फिन कुपे." लाईट गेली. क्रेओलमधलं मी शिकलेलं पहिलं पूर्ण वाक्य तेच.

रॉड्रिग्ज आणि आगालेगा या मॉरिशसच्याच दूरच्या बेटांना पण हे सगळं पोचतं का?

रॉड्रिग्ज मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरवर आहे, वस्ती चाळीस हजारांच्या वर. २०१९ पर्यंत तिथलं इंटरनेट उपग्रहावरून यायचं, महाग आणि मंद. त्या वर्षी 'मार्स' ही सुमारे ७०० किलोमीटरची समुद्री केबल चालू झाली आणि चित्र पालटलं. आगालेगा हजार किलोमीटरहून दूर, माणसं तीनशेच्या आसपास. तिथे जहाजाने सामान येतं. एवढ्या कमी मुलांसाठी प्रत्येक विषयाचा शिक्षक पाठवणं अशक्य असतं, त्यामुळे दूरशिक्षणाची खरी गरज तिथे आहे आणि जोडणी तिथेच सगळ्यात अवघड. लहान देशातही एक आणखी लहान देश असतो.

बाकीच्या बेटांनी काय केलं?

पॅसिफिकमधल्या नियुए या चिमुकल्या देशाने २००८ मध्ये आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला लॅपटॉप दिला, साधारण पाचशे मुलं. असं करणारा तो पहिला देश. बातमी जगभर गेली. लॅपटॉपचं आयुष्य मात्र बातमीइतकंच छोटं निघालं.

याच्या उलट युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक. १९६८ साली स्थापना, मुख्यालय फिजीतल्या सुव्हाला, मालकी १२ देशांची. १९७० च्या दशकातच त्यांनी एका जुन्या अमेरिकन उपग्रहावरून बेटाबेटांवरच्या विद्यार्थ्यांशी आवाजी वर्ग सुरू केले. चित्र नाही, फक्त आवाज. पुढे स्वतःचं उपग्रह जाळं उभारलं, आणि विद्यापीठ आजही चालू आहे. प्रत्येक सदस्य देशात त्यांचं एक केंद्र आणि तिथे बसणारा एक माणूस असतो, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. मराठीसारख्या विषयाला मॉरिशसमध्ये हाच नमुना चालेल: एक शिक्षक, पाच शाळांतल्या पाच-पाच मुलांचा एक वर्ग.

खासगी शिकवण्यांचं काय? ऑनलाइन आल्यावर कमी झाल्या असतील ना?

नाही हो. तिथे शिकवणीला 'लेसों' म्हणतात आणि ती आपल्या क्लासेसइतकीच मुरलेली आहे. खालच्या प्राथमिक वर्गांत तिला कायद्याने बंदी आहे, पण सहावीची परीक्षा जवळ आली की पालक ऐकत नाहीत. ऑनलाइन झाल्यावर फरक एवढाच, की आता रात्री आठलाही लेसों असते.

इथून मदत करायची आहे. जुने संगणक गोळा करून पाठवू का?

कृपया नको. पाठवण्याचा खर्च संगणकाच्या किमतीहून जास्त होतो, आणि यंत्रांची टंचाई तिथे नाहीच.

तुमचा आवाज पाठवा. पाच मिनिटांची गोष्ट, घरगुती, मालवणी हेल असला तर उत्तमच, कारण काही मुलांचे पूर्वज तोच हेल घेऊन गेले होते. खोलीतला पंखा बंद करून रेकॉर्ड करा. किंवा आठवड्यातून अर्धा तास बोला. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, म्हणजे त्यांची शाळा सुटून मुलं घरी येऊन काहीतरी खाईपर्यंत आपल्याकडे साडेपाच वाजतात. तुमचा चहा हातात असतो. पहिल्या वेळी मुलं फक्त 'नमस्कार' म्हणतील आणि कॅमेरा बंद करतील. तुम्ही बोलत राहा.